करवंदीच्या कुंपणाशी

मागच्या फाल्गुनात मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला मुलगा फाटकातच थबकला. दिवस कलला होता. त्याने मोबाइलवर मीटरचा फोटो काढला, जायला वळला आणि पुन्हा थांबला. "काकू, जाई कुठं लावलीय?" मी म्हटलं, जाई नाहीच आमच्याकडे. त्याने अंगणभर पाहिलं. तुळस, कोरफड, लिंबाचं झाड, आणि कडेने रांगेत उभ्या असलेल्या काटेरी जाळ्या. जाळ्यांवरून नजर तशीच पुढे गेली. मग मी त्याला कुंपणापाशी नेलं आणि सांगितलं, नाक जवळ ने, पण डोळे सांभाळ.

"ही तर करवंदी!" तो म्हणाला. "हिला वास असतो?"

असतो. आणि तो बहुतेकांना माहीत नसतो, याचं मला कधी कुणाबद्दल नवल वाटलं नाही. करवंदीची आणि आपली गाठ पडते मे महिन्यात. कर्जतला, खंडाळ्याला, कसाऱ्याला पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन बाया बसलेल्या असतात, 'डोंगराची काळी मैना' अशी हाक कानावर येते आणि आपण हात पुढे करतो. तोवर फुलं गळून दोन-अडीच महिने होऊन गेलेले असतात. ती येतात माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा उन्हाने पिवळ्या पडलेल्या डोंगरावर गुराख्याखेरीज फारसं कुणी फिरकत नाही.

मला हा वास ठाऊक होता तो शाळेच्या वाटेमुळे. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. गाव खाली वहाळाच्या कडेला आणि शाळा सड्यापलीकडे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. त्यावर मैलभर चालायचं. वार्षिक परीक्षा जवळ आली की सकाळची शाळा सुरू व्हायची, आणि दव असताना सड्यावर चढलं की त्या जाळ्या दिसण्याआधी कळायच्या. वास जाईच्या जवळचा, पण जाईइतका गोड नाही. त्याला ओल्या सालीसारखी किंचित कडवट कड असते. जाळी पांढरी झालेली असायची. फूल पाच पाकळ्यांचं, चांदणीसारखं, नळी अरुंद, आणि कळी मिटलेली असताना पीळ घातलेली, गुलाबी झाक असलेली. आम्ही तोडायला हात घातला की आजी ओरडायची, "फूल तोडू नको गो, तेवढं करवंद कमी होईल." एका फुलामागे एक करवंद, असा तिचा हिशेब होता. करवंदीच्या फुलांचा गजरा मी आजवर पाहिलेला नाही. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो, हात रक्ताळतात, आणि वर आजीचा हिशेब.

मेमध्ये मात्र त्या जाळ्या आमच्याच असायच्या. करवंद फोडण्याआधी दुसऱ्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने आपलं करवंद द्यायचं. चिकाने ओठ चिकटायचे, आणि परकराच्या ओच्यावर पडलेले डाग कधीच जायचे नाहीत.

1994 साली लग्न होऊन मी माण तालुक्यात आले. माहेरी वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इथे सरासरीने 500 सुद्धा नाही. निरोप देताना माहेरच्या बाया म्हणाल्या होत्या, पाण्यातली पोर फुफाट्यात चालली. इथल्या बायाही तसंच म्हणायच्या. बरीच वर्षं मीसुद्धा स्वतःला तेच सांगत राहिले. परसात अबोली लावली, मोगरा लावला, सोनचाफ्याचं कलम आणून लावलं. माहेर म्हणजे हिरवं आणि ओलं, तेव्हा इथे काही आणायचं तर तेच आणायचं, असं डोक्यात बसलं होतं. सोनचाफा दुसऱ्या उन्हाळ्यात गेला. अबोली टिकली, पण रोज तिला घागरभर पाणी घालताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या घागरीकडे बघायच्या. बोलायच्या मात्र काही नाहीत.

मग केव्हातरी, भांडी घासून झाल्यावर चुलीपाशी बसले असताना, माहेरचा एप्रिल आठवला. आई आणि काकू पहाटे 3 वाजता उठून खालच्या विहिरीवर जायच्या. तळाशी झिरपलेलं पाणी वाटीने कळशीत भरायच्या. कोकणात पाऊस पडतो, पण राहत नाही. जांभा तो गाळून खाली सोडतो आणि उतार समुद्राकडे नेतो. दिवाळीनंतर सड्यावर थेंब नसतो, आणि फेब्रुवारीपासून तो तव्यासारखा तापतो. तिथे बोटभर मातीच्या खाचेत जी जाळी वर्षाचे आठ महिने कोरडे काढते आणि नेमकी त्यातल्या कोरड्या दिवसांत फुलते, तिला इथलं ऊन नवीन कसं असेल? माहेरातलं जे मी विसरले होते, तेच इथे जगणार होतं.

2011 साली आम्ही मळ्याच्या कडेला घर बांधलं. जमीन मुरमाड. पाण्याला ओढ नसलेली बाभूळ आणि घाणेरी तेवढी आपोआप उगवायची. कुंपणाचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, करवंदी लावूया. आत्या पायरीवर बसल्या होत्या. "बाभळीचं काटं काढण्यात निम्मं आयुष्य गेलं आमचं," त्या म्हणाल्या, "आन् तू इकत आणून काटं लावतीस व्हय?"

विकत आणलेलं पहिलं रोप चुकीचं निघालं. एका रोपवाटिकेतून करवंद म्हणून आणलं, लावलं, वाढवलं. पानं गोलसर, जाड, तुकतुकीत. फुलं करवंदीपेक्षा मोठी. वासही छान. फळ मात्र पिकल्यावर काळं होईना, लालभडकच राहिलं, आणि चव वेगळी. ती आफ्रिकेतली चुलतबहीण होती, नाताल प्लम. शहरांतल्या बागांमध्ये 'कॅरिसा' म्हणून शोभेला लावतात ती. कॅरिसा हे दोघींचं सामाईक कुळनाव. आपल्या करवंदीचं शास्त्रीय नाव कॅरिसा करांडस, लिनियसने 1767 मध्ये दिलेलं. त्या करांडसमध्ये आपल्याकडचाच नाद ऐकू येतो. संस्कृतात करमर्द, हिंदीत करौंदा, आपल्याकडे करवंद. ते आफ्रिकेचं झाड तुळशीपाशी अजून आहे. त्याचा राग धरण्यासारखं काही नाही, पण मला जे हवं होतं ते ते नव्हतं.

2013 च्या मेमध्ये भाऊ आला तो डबा भरून करवंदं घेऊन. सगळ्यांनी खाल्ली, आणि मी प्रत्येकाला बिया ताटात ठेवायला लावल्या. एका करवंदात दोन-चार चपट्या बिया असतात. गर धुऊन, राखेत घोळून, सावलीत ठेवल्या. त्यातल्या 60 दुसऱ्याच दिवशी पिशव्यांत टोचल्या आणि उरलेल्या कागदात बांधून फडताळात ठेवल्या, पाऊस लागला की लावू म्हणून. पहिल्या 60 मधल्या 41 उगवल्या. फडताळातल्या जुलैत लावल्या, त्यातली एकही नाही. करवंदाच्या बीला धीर नसतो. वाळली की मेली. एवढं चिवट झाड, पण बी असताना इतकं नाजूक. ज्यांना बीपासून करायचं आहे त्यांनी फळ खाल्ल्याबरोबर बी मातीत घालावं. थांबायचं नसेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात आहे, तिची रोपं मिळतात. मला माझ्या सड्यावरचीच हवी होती.

रोपं पहिल्या वर्षी वीतभरसुद्धा झाली नाहीत. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला, 2014 च्या जूनमध्ये, मुरमात दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले. त्यात निम्मं कुजलेलं शेणखत आणि निम्मी निघालेलीच माती. चांगली काळी माती आणून भरायचा ह्यांचा विचार होता. मी नको म्हटलं. करवंदीला पाणी साचलेलं चालत नाही, आणि काळ्या मातीने भरलेला खड्डा म्हणजे मुरमात ठेवलेली हंडीच. 3 फुटांवर एक अशी 25 रोपं लागली, बाकीची शेजारीपाजारी दिली. पुढचे दोन उन्हाळे दर आठवड्याला रोपामागे एक तांब्या, आणि बुडाशी बाजरीच्या सरमाडाचा थर. तो तांब्या आंघोळीच्या पाण्यातला असायचा.

पहिल्या वर्षी काटे कोवळे असतात. हे माझ्यापेक्षा शेळ्यांना आधी कळलं. एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि 6 रोपं बुडापासून गेली. उरली 19. त्यांच्याभोवती बाभळीच्याच फांद्या रोवल्या. त्या आत्यांनी आणून दिल्या, काही न बोलता.

करवंदी वर जाण्याआधी आडवी पसरते. फांदीला फांदी गुंतते, बाहेर आलेलं टोक पुन्हा आत वळतं आणि जाळी होते. काटे जोडीजोडीने, काहींना पुढे पुन्हा फाटा. काटा हीसुद्धा फांदीच, वाढ आवरून टोकदार झालेली. सड्यावर मी पाहिलंय, या जाळ्यांच्या पोटात जांभळाचं, ऐनाचं रोप निर्धास्त वाढतं. गुरांचं तोंड तिथे पोहोचत नाही. काही वर्षांनी ते झाड जाळीच्या डोक्यावरून वर येतं. गेल्या खेपेला माहेरी गेले तेव्हा सड्याचा एक मोठा तुकडा जेसीबीने साफ केलेला होता, काजू लावण्यासाठी. उपटलेल्या जाळ्या कडेला ढीग करून पेटवल्या होत्या. काजू लावणाऱ्याला पोट आहे, हे मला समजतं. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या त्या जाळ्यांना कुणी झाड म्हणून मोजलंसुद्धा नव्हतं. 'झुडपं काढली' एवढंच सगळे म्हणत होते. त्या राखेपाशी मला उभं राहवेना.

पहिली फुलं 2018 च्या फेब्रुवारीत आली. 19 पैकी 5 झाडांवर, टोकाला, मूठमूठभर. मी रोज सकाळी मोजायचे. आणि त्याच वर्षी पाऊस गेला. ऑक्टोबरात राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आमचाही होता. डिसेंबरात विहीर तळाला गेली. गुरं छावणीवर नेली, हे तिकडेच राहू लागले. घरी मी आणि आत्या. टँकर यायचा तेव्हा दोघी जणी पिंप भरून घ्यायचो, आणि पुढचा कधी येईल ते कुणी सांगू शकायचं नाही.

पाणी मोजून वापरायची सवय इथे प्रत्येकीला असते. पण कोणत्या झाडाला द्यायचं आणि कोणत्याला नाही, हे ठरवायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली. भांड्यांचं पाणी एक बादली निघायचं. लिंबाला द्यावं, कारण लिंबाचं फळ विकता येतं. तुळशीला द्यावंच. शेवगा स्वतःचं बघेल. मोगऱ्याला? तो माझ्या लेकीने आठवीत असताना लावलेला. जानेवारीत त्याला एक दिवसाआड तांब्याभर दिलं. फेब्रुवारीत आठवड्यातून एकदा. मग एके दिवशी बादली घेऊन निघाले आणि त्याच्यासमोरून लिंबाकडे गेले. परत येताना त्याच्याकडे पाहिलं नाही. तो मार्चमध्ये वाळला. अबोली त्याच्या आधीच गेली होती.

करवंदीला मी काहीच दिलं नाही. देण्यासारखं उरायचंच नाही. खालची पानं पिवळी पडून गळली, बाकीची हिरवी राहिली. त्या पानाला हात लावून पाहा. वरून मेण चोपडल्यासारखं, चामड्यासारखं जाड. आतली ओल ते सहजी उडू देत नाही. आणि मुळं तोवर मुरमाच्या भेगांतून खोल गेली असणार. त्या फाल्गुनात, अंगणात दुसरं काही हिरवं नसताना, 19 च्या 19 झाडं फुलली. आधीच्या वर्षी पाचच होती. ताण बसला की पुष्कळ झाडं फुलण्याची घाई करतात हे मला माहीत आहे. तरी त्या संध्याकाळी रिकामी बादली हातात घेऊन तिथे उभी राहिले तेव्हा मला फार रडू आलं. ज्याला दिलं होतं ते गेलं होतं आणि जिला काही दिलं नव्हतं ती भरून आली होती.

करवंदं त्या वर्षी नावाला धरली. वाटाण्याएवढी झाली आणि गळाली. फुलणं तिने सोडलं नव्हतं, फळ मात्र धरवेना.

वास चढतो दिवस मावळल्यावर. पांढरं फूल, अरुंद नळी आणि रात्रीचा वास, ही पतंगांना बोलवायची तऱ्हा. अंधार पडता पडता मोठे पतंग येतात, फुलापुढे हवेत तरंगत सोंड आत घालतात. पावसाळ्यात पानांवर कधी बोटाएवढी जाड अळी दिसते, शेपटीवर शिंगासारखं टोक असलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी काडीने काढून टाकायला निघाले होते. मग वाचलं की या पतंगांच्या काही जातींच्या अळ्या करवंदीवरच वाढतात. तेव्हापासून पानं खाऊ देते. तेवढी पानं जातात, पुन्हा येतात. बुलबुलांनी मधल्या जाळीत घरटं केलंय. मांजर तिथवर जाऊ शकत नाही, तेव्हा जागा त्यांनी नीट पारखून घेतलेली दिसते.

छाटणीबद्दल एकच सांगते, कारण त्यात मी एक वर्ष घालवलं. दिवाळीत कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून सगळी टोकं कापली आणि फाल्गुनात फूल नाही. येणारा सगळा बहार मी कात्रीने काढून टाकला होता. आता करवंदं उतरली की लगेच, पाऊस लागता लागता छाटते. नवी फूट पावसाळ्यात येते आणि तिच्यावर पुढचा बहार. जाड बाह्यांचा जुना शर्ट घालायचा, आणि चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही.

2019 च्या ऑक्टोबरात पाऊस मनसोक्त झाला. 2020 च्या मेमध्ये पहिली खरी करवंदं उतरली, साधारण दोन पाट्या. हिरवी होती तेव्हाच निम्म्याचं लोणचं घातलं. आत्यांना आमटीत कच्चं करवंद ठेचून घातलेलं आवडायला लागलं, चिंचेपेक्षा त्याचा आंबटपणा वेगळा लागतो म्हणाल्या. पिकलेली माझ्या नातवाने खाल्ली. बेकरीत केकवर जी लाल 'चेरी' असते ती पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं, हे त्याला सांगितलं तर त्याला ते खरं वाटेना. मग त्याला कोंबडा-कोंबडी शिकवलं. आत्या ऐकत होत्या. त्यांच्या लहानपणी इथे करवंदी नव्हत्याच, त्यामुळे खेळही नव्हता. पाटीतलं एक करवंद त्यांनी उचललं, मुठीत झाकलं आणि पणतवंडापुढे मूठ धरली. "कोंबडी," तो म्हणाला. आत लाल निघालं.

आत्या आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. दिसतं कमी, ऐकू बरं येतं. उन्हाळ्याची चाहूल लागली की त्यांची बाज ओसरीसमोर टाकायची, हे ठरलेलं. यंदा महाशिवरात्रीनंतर चार-पाच दिवसांनी रात्री लाइट गेली. पंखा बंद पडला म्हणून मला जाग आली आणि मी बाहेर आले. ओसरीसमोर बाज नव्हती. चांदणं नव्हतं, पण जाळ्या पांढऱ्या झालेल्या अंधारातही कळत होत्या. तिथे, कुंपणापासून दोन हातांवर, आत्या पाय पोटाशी घेऊन बाजेवर पडल्या होत्या. जमिनीवर बाजेचे पाय ओढल्याच्या रेघा असणार. एवढ्या लांब ती त्यांनी एकटीने कशी ओढली कोण जाणे.

"आत्या, मला हाक मारायची," मी म्हटलं. "इथं कशाला आलात? किडामुंगी असती."

"हितं वारा लागतुया," त्या म्हणाल्या.

वारं कुठेच नव्हतं. लिंबाचं पान हलत नव्हतं. मी बाजेचं पायथ्याकडचं टोक उचललं आणि ती आणखी हातभर जाळीकडे घेतली.